रँच म्हणजे आपलं आगरच की!

आगरदांड्याच्या जेट्टीवरून दिघीला जाणारी फेरीबोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली. लग्नाचे पाहुणे म्हणून आम्ही दोन दिवस गावात होतो. पुढच्या फेरीने गेलो असतो तरी चालले असते, पण ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांनी ऐकले नाही. बोट चुकली म्हणजे आणखी एक जेवण नशिबात होते, असे म्हणून त्यांनी आमची पिशवी परत घरात नेली. त्या चुकलेल्या बोटीमुळेच हा लेख लिहिता आला.

जोहरची नमाज झाली, जेवणे उरकली, भांडी घासून पालथी पडली. कोकणातल्या घरात दुपारचा हा तास-दीड तास बाईचा स्वतःचा असतो. पडवीतल्या झोपाळ्यावर दादी टेकल्या. त्यांची नात मुरुडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. ती फोन घेऊन पायाशी बसली. दादींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हं, सांग. काल तो घोडा कुठवर आला होता?"

आम्हाला वाटले, कुठली मालिका असेल. पण ती निघाली इंग्रजी कादंबरी. अमेरिकेतल्या माँटाना राज्यातले गुरांचे मोठे कुरण, त्यावरचे एक कुटुंब, बायको गेल्यापासून गप्प झालेला एक गुराखी आणि शहरातून आलेली एक मुलगी. नात फोनवर इंग्रजीत वाचते, मनातल्या मनात उलथापालथ करते आणि दादीला आपल्या कोकणी बोलीत सांगते. रोज एक प्रकरण. दादी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. रँच हा शब्द त्यांना आधी समजेना.

"ही म्हणाली, गुरांची मोठी वाडी. माणसं तिथेच राहतात, तिथेच खपतात, तिथेच मरतात," दादींनी आम्हाला समजावले. "मग मी म्हटलं, त्यात एवढं काय, आपलं आगरच की!"

आगर म्हणजे नारळी-पोफळीची बागायत, आणि मिठागरालाही आपल्याकडे आगरच म्हणतात. राजपुरीच्या खाडीच्या या गावाच्या तर नावातच आगर आहे. दादींनी एका शब्दात जे ओळखले ते ओळखायला आम्हाला मात्र उरलेली सगळी दुपार लागली.

ही पुस्तके आहेत तरी काय?

ज्या घरात मुली फोनवर काही वाचत असतात आणि आई-बापांना ते काय आहे याचा पत्ता नसतो, त्या घरांसाठी थोडी माहिती. इंग्रजी प्रेमकथांचे जुने नाव मिल्स अँड बून. ही प्रकाशन संस्था 1908 साली लंडनमध्ये निघाली. कॅनडातल्या हार्लेक्विन कंपनीने ती 1971 मध्ये विकत घेतली, आणि 2014 मध्ये हार्लेक्विनच हार्परकॉलिन्सच्या ताब्यात गेली. आरंभी या कथांचे नायक बहुधा इंग्रज डॉक्टर नाहीतर जहागीरदार असत. 1976 मध्ये हार्लेक्विनने जॅनेट डेली या अमेरिकन लेखिकेची कादंबरी काढली, ती टेक्सासमधल्या रँचवरची. त्या कंपनीची ती पहिली अमेरिकन लेखिका. पुढे डायना पामर, लिंडा लेल मिलर अशा लेखिकांनी एकेका रँच-कुटुंबावर पुस्तकांच्या माळाच रचल्या. एका भावाचे लग्न झाले की पुढच्या पुस्तकात दुसऱ्याचे, मग चुलतभावाचे. आपल्या घरांत लग्नांचा सिलसिला जसा चालतो तसाच.

अलीकडे या कथांना वेगळे वळण लागले आहे. नायक-नायिका दोघेही कुठेतरी मोडलेले असतात. कोणी युद्धावरून आलेला, कोणाचे मूल गेलेले, कोणाचा नवरा गेलेला. 1995 मध्ये निकोलस इव्हान्स यांची 'द हॉर्स व्हिस्परर' ही कादंबरी आली. अपघातात एक मुलगी आणि तिचा घोडा दोघेही जबर जखमी होतात, आणि माँटानातल्या एका रँचवर दोघेही हळूहळू सावरतात. कॅनडातली 'हार्टलँड' ही मालिका 2007 पासून चालू आहे. तिच्यातली मुलगी आईच्या मृत्यूनंतर आजोबांच्या रँचवर बिथरलेल्या घोड्यांना माणसाळवते आणि ते करता करता स्वतः बरी होते. रॉबिन कार यांच्या 'व्हर्जिन रिव्हर' पुस्तकांत रँचपेक्षा गाव अधिक आहे. तिथली नायिका विधवा परिचारिका. नेटफ्लिक्सवर 2019 मध्ये त्याची मालिका आली आणि आमच्या मुलींच्या फोनपर्यंत पोहोचली.

शेवट नेहमी गोड. त्याबद्दल नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने नाक न मुरडता एका छोट्या गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांनाच विचारले, तुम्ही हे का वाचता? 1984 मध्ये तिचे 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक आले. त्या बायकांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की हातात पुस्तक असते तेवढा वेळ मला कोणी काही मागत नाही. दिवसभर घरातल्या सगळ्यांची काळजी मी घेते. माझी काळजी घेणारे कोणी पुस्तकात तरी भेटते. आगरदांड्याच्या पडवीत बसून आम्हाला ते आठवले, आणि वाटले की हे सांगायला अमेरिकेला जायची गरज नव्हती, जोहर आणि असरच्या मधल्या वेळात कोकणातल्या कुठल्याही घरात डोकावले असते तरी पुरले असते.

आता तो प्रश्न, जो या पानावर विचारला नाही तर वाचक भगिनी आम्हाला पत्र लिहून विचारतील. या पुस्तकांत नको ती वर्णने असतात का? असतात. सगळ्यांत नाही, पण पुष्कळांत. आम्ही नातीला सरळ विचारले, त्या पानांचे काय करतेस?

"खाला, दादीला सांगताना गाळते."

"आणि स्वतः वाचताना?"

ती हसली आणि फोन उलटा ठेवला. आम्हीही पुढे विचारले नाही. मुलीला खोटे बोलायला लावण्यापेक्षा गप्प बसलेले बरे. एवढे मात्र सांगितले, की अशी पाने नसलेलीही रँचवरची पुस्तके असतात. हार्लेक्विननेच 1997 मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' नावाची मालिका सुरू केली. तीत श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबे आहेत, प्रार्थना आहे, आणि लग्नाआधीचे अंतर पाळलेले आहे. त्यांच्यातल्या धार्मिक घरांनी तक्रार करत बसण्याऐवजी आपल्याला चालेल असे वाचायला मागितले आणि ते मिळवले. मुसलमान लेखिकाही या वाटेवर आहेत. टोरांटोच्या उज्मा जलालुद्दीन यांची 'आयेशा अ‍ॅट लास्ट' 2018 मध्ये आली. मशीद, रिश्ते आणि नमाज यांच्या मधोमध घडणारी प्रेमकथा आहे ती. उर्दू वाचणाऱ्या घरांना उमेरा अहमद यांची 'पीर-ए-कामिल' ठाऊकच आहे.

कादंबरीविषयीची आपली धास्ती जुनी आहे. डेप्युटी नजीर अहमद यांनी 1869 मध्ये 'मिरातुल उरूस' लिहिली ती मुलींना संसाराचे वळण लागावे म्हणून. तरीही मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर'मध्ये स्त्रियांना ज्या पुस्तकांपासून सावध केले त्यांत तिचेही नाव आले. आम्हाला त्या दोघांच्या वादात पडायचे नाही. पण कुरआनात एक संपूर्ण सूरह एका घराची गोष्ट सांगते, भावांचा मत्सर आणि बापाचा विरह सांगते, आणि अल्लाह त्या गोष्टीला गोष्टींमधली उत्तम गोष्ट म्हणतो, हे विसरून गोष्टीलाच दोष देता येणार नाही. त्या सूरह यूसुफकडे आम्ही परत येऊ.

तीन जून

नातीचे त्या दिवसाचे प्रकरण असे होते. नायकाचा गोठा काही वर्षांपूर्वी जळालेला असतो. त्या रात्री काय झाले ते त्याने कोणालाच सांगितलेले नसते. शेवटी एका पावसाळी संध्याकाळी तो त्या मुलीला सांगतो. नात हे सांगत असताना तिची अम्मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. हातात चहाचे आधण ठेवायचे भांडे. ती म्हणाली, "आमची वाडी पडली तेव्हा मला कोणी विचारलंच नाही."

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तो दिवस. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन, दिवेआगर या पट्ट्यात नारळी-पोफळीची वाडी असलेल्या कुठल्याही घरात ही तारीख सांगा, लोक वर्ष विचारत नाहीत. या घराची वाडी बारा गुंठ्यांची. दीडशेच्या वर पोफळी, थोडे माड, मध्ये जायफळ, पोफळींवर चढवलेली मिरी. घरात तीन बायका: दादी, अम्मी आणि तेव्हा शाळकरी असलेली नात. अब्बा कुवेतला. मार्चपासून टाळेबंदी, आंतरराष्ट्रीय विमाने बंद; सरकारने खास विमानांनी माणसे आणायला सुरुवात केली होती, पण त्या यादीत नंबर लागणे म्हणजे लॉटरीच. तिघी आतल्या खोलीत बसल्या होत्या. पत्रे उडाल्याचा आवाज आला तेव्हा भीती वाटली, अम्मी म्हणाली, पण पोफळी मोडल्याचा आवाज आला तेव्हा भीती नाही, पोटात खड्डा पडला. एकेक झाड मोडताना काठी मोडल्यासारखा आवाज येतो. ती मोजत होती. मोजता मोजता थांबली.

वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले. कित्येक दिवसांनी फोन लागला तेव्हा नवऱ्याने तिकडून विचारले, सगळे ठीक आहे ना? ती म्हणाली, ठीक आहे. वाडीत बोटांवर मोजण्याएवढी झाडे उभी होती.

पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात, चांगले उत्पन्न यायला त्याहून जास्त. माडाचेही तसेच. म्हणजे एका दुपारी जे गेले ते एका पिढीच्या कमाईचे गेले. सुरुवातीला जी मदत जाहीर झाली ती हेक्टरी पन्नास हजारांच्या हिशोबाची. बारा गुंठ्यांना ती सहा हजारांच्या आसपास पडते. मोडलेल्या झाडांचे ओंडके वाडीबाहेर काढायची मजुरीही त्यात भागत नव्हती. कोकणातल्या वाड्या गुंठ्यांत असतात, हेक्टरात नसतात, हे बागायतदारांनी ओरडून सांगितल्यावर पुढे झाडामागे मदत द्यायचे ठरले.

पण अम्मीचे दुखणे पैशांचे नव्हते. "जो आला तो म्हणाला, सब्र कर. मी सब्रच करत होते. मला फक्त सांगायचं होतं."

आम्हाला या वाक्याने अस्वस्थ केले, कारण 'सब्र कर' म्हणणाऱ्यांत आम्हीही अनेकदा होतो. दुःखी माणसाचे बोलणे लवकर संपावे म्हणून हा शब्द किती वेळा वापरतो आपण! सूरह यूसुफमधले हजरत याकूब (अ.) सब्राचा सगळ्यात सुंदर दाखला मानले जातात. पण त्यांचा सब्र मुका आहे का? ते मुलाचे नाव घेऊन हळहळत राहतात. रडून रडून त्यांचे डोळे पांढरे होतात. घरचे कंटाळून त्यांना बोलतात, की तुम्ही यूसुफची आठवण काढत काढत झिजून जाणार. तेव्हा ते सांगतात, की मी माझे गाऱ्हाणे अल्लाहकडे मांडतो. मांडतात, दाबून ठेवत नाहीत. आपल्या नबी (स.) यांच्या डोळ्यांतून लहानग्या इब्राहीमच्या वेळी पाणी आले. हजरत खदीजा आणि अबू तालिब गेले ते वर्ष तर सीरतमध्ये दुःखाचे वर्ष म्हणूनच ओळखले जाते. दुःखाला नाव देऊन त्याचे एक वर्ष राखून ठेवणारा हा दीन आहे. आणि आपण बाईला तीन दिवसांत चूल पेटव म्हणतो.

अमेरिकेतला तो गुराखी पानापानांतून गप्प राहतो आणि शेवटी बोलतो, यात आपल्या मुलींना काय गोड लागते ते आम्हाला त्या उंबऱ्याशी कळले. त्याचे दणकट खांदे असतीलही. पण पुरुष बोलतो आणि त्याआधी कोणाचे तरी ऐकतो, हे मोठे आकर्षण आहे.

मिरीचा वेल

या कथांमध्ये एक मोठी थाप असते, ती मुलींना सांगितली पाहिजे. रँचवरचा नायक कायम रँचवरच असतो. सकाळी खोगीर चढवतो, संध्याकाळी जेवायला घरी. आपल्या किनाऱ्यावरचा पुरुष आधी जहाजावर होता, मग आखातात गेला. या घरातले अब्बा चोवीस वर्षे कुवेतला होते. दोन वर्षांतून एकदा सुट्टी, फार तर दोन महिने. हिशोब केला तर चोवीस वर्षांत नवरा-बायको जेमतेम दोन वर्षे एका छपराखाली राहिले. निकाहानंतरची ती दोन वर्षे सलग असती तर कदाचित ओळख तरी पक्की झाली असती.

दोन वर्षांपूर्वी ते कायमचे परतले. आणि घरात भांडणे सुरू झाली. अम्मी हे हसत सांगत होती. सुट्टीत कोणी भांडत नाही ना! सुट्टीतला नवरा पाहुणा असतो, त्याच्या आवडीचे रांधायचे, आणलेल्या बॅगा उघडायच्या, आणि दिवस मोजायचे. आता तो रोज दिसू लागला. त्याला वाटे वाडी आपली; पण वादळानंतर त्या वाडीतले प्रत्येक रोप हिने लावलेले, कुठल्या आळ्याला पाणी कमी लागते ते हिला ठाऊक, विहिरीचा पंप कुठे अडतो ते हिला ठाऊक. एके सकाळी त्यांनी उत्साहाने वाडी साफ केली आणि एका जुन्या पोफळीवरचा वेल रान समजून कापून टाकला. ती मिरी होती. वादळातून वाचलेल्या मोजक्या झाडांपैकी त्या पोफळीवर तिने चार वर्षे चढवलेली.

दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ते सकाळच्या फेरीने खाडी ओलांडून गेले आणि श्रीवर्धनहून मिरीची तीन रोपे घेऊन संध्याकाळी परतले. रोपे हातात धरून वाडीच्या बेड्याशी उभे राहिले आणि विचारले, "कुठे लावू?"

"एवढंच हवं होतं," अम्मी म्हणाली. "कुठे लावू, एवढं विचारायला हवं होतं."

नात मध्येच म्हणाली, "अम्मी, हे अगदी पुस्तकातल्यासारखं आहे."

"पुस्तकात मिरी नसते," अम्मी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मराठीत ही गोष्ट कोणी लिहिली आहे का? कोकणातली वाडी आणि खोती मराठी कादंबरीला नवी नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू'ला 1952 पासून वाचक आहेत, आणि 'तुंबाडचे खोत' तर पिढ्यान्‌पिढ्यांची कथा. कोकणातल्या मुसलमान गावाचे चित्र हमीद दलवाई यांच्या 'इंधन'मध्ये 1965 साली आले; त्यांच्या मतांशी आपल्यातल्या अनेकांचे पटत नाही, पण त्या कादंबरीतले गाव खरे आहे. सोलापूरला 1990 मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून कविता पुष्कळ आल्या. पण आखातातून परतलेला नवरा आणि वाडी सांभाळलेली बायको पन्नाशीत एकमेकांना नव्याने ओळखू लागतात, ही प्रेमकथा आमच्या तरी वाचनात नाही. आणि लिहिण्याची परंपरा या भागाला नाही असेही नाही. जवळच्या मुरुडच्या राजघराण्यातल्या नाजली बेगम यांनी 1908 च्या युरोप प्रवासावर 'सैर-ए-यूरोप' हे पुस्तक उर्दूत लिहिले. जंजिऱ्याची बेगम लंडन-पॅरिसबद्दल लिहू शकत होती, तर आगरदांड्याच्या मुलीला मिरीबद्दल लिहायला हरकत नसावी. नातीने प्रतिलिपीवर काहीतरी लिहून ठेवले आहे असे कळले. दाखवले नाही. आम्ही आग्रह केला नाही.

कागदावर कोण?

नातीच्या कादंबरीत आणखी एक गोष्ट होती, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. शहरातली ती मुलगी रँचवर येते ती प्रेम करायला नव्हे. तिचे आजोबा वारतात आणि मृत्युपत्रात निम्मी रँच तिच्या नावे ठेवतात. या प्रकारच्या कितीतरी कथांची सुरुवात अशीच असते. ती येते, हिशोबाच्या वह्या बघते, कर्ज किती ते विचारते, आणि मग नायकाशी तिचे खटके उडतात. तो तिला हाकलू शकत नाही. कागदावर तिचे नाव आहे. घाव भरून येणे वगैरे त्यानंतर होते.

दादींनी हे ऐकले तेव्हा पहिल्या दिवशीच आक्षेप घेतला होता म्हणे. "निम्मी वाडी वसीयतीत? तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देताच येत नाही!" नातीला समजवावे लागले, की दादी, ते लोक मुसलमान नाहीत.

ती रँच केवढी, असे आम्ही विचारले. हजारो एकर. अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना 160 एकर जमीन मिळत असे. नातीने लगेच गुंठे केले: 6400. ती जमीन आधी तिथल्या मूळच्या जमातींची होती आणि त्यांना हुसकावून दिली गेली, हे या गोड पुस्तकांत फारसे येत नाही. तेही मुलींना सांगायला हवे.

मग तिने फोनच्या कॅल्क्युलेटरवर आपल्या बारा गुंठ्यांचा हिशोब मांडला. तो आम्ही इथे तसाच देतो, कारण असा हिशोब घरोघरी मांडता येतो. दादा मरहूम झाले तेव्हा मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी. मुले असताना पत्नीचा हिस्सा एक अष्टमांश, म्हणजे दादींचा दीड गुंठा. उरलेले साडेदहा गुंठे मुलगा आणि मुलगी यांच्यात दोनास एक या प्रमाणात: अब्बांचे सात, फुफीचे साडेतीन. सूरह निसामध्ये हे हिस्से ठरवून दिलेले आहेत, थोडे असो की पुष्कळ. 1937 च्या शरियत कायद्याने शेतजमीन आपल्या कक्षेबाहेर ठेवली ही कायद्याची वेगळी गुंतागुंत आहे, पण इथे अडचण तिची नव्हती. वारस नोंदीत सगळ्यांची नावे रीतसर लागली होती. नंतर फुफी मुंब्र्याहून आल्या आणि हक्कसोडपत्रावर सही करून गेल्या. दादींनीही अंगठा दिला.

कोणी जबरदस्ती केली नाही. तशी कधीच करावी लागत नाही. हिस्सा घेतला की माहेर तुटते, एवढे वाक्य हवेत असले की पुरते. बदल्यात ईदला कपड्यांचा जोडा आणि मे महिन्यात आंब्यांची पेटी. नमाज-रोजाच्या बाबतीत काटेकोर असलेली, आलिमांना विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारी घरेही या एका आज्ञेपाशी आल्यावर रिवाजाचे बोट धरतात. आम्ही हे अब्बांच्या समोरच बोललो. त्यांनी ते नाकारले नाही. बहिणीच्या साडेतीन गुंठ्यांतली रोपे कोणती, ते बायकोला विचारावे लागेल, एवढेच म्हणाले. हसून म्हणाले की खरेच, ते आम्हाला कळले नाही.

दादींच्या भावांची वाडी खाडीपलीकडे आहे. फेरीबोटीतून तिथले माड दिसतात. त्या वाडीतला आपला हिस्सा दादींनी चाळीस वर्षांपूर्वी सोडला. भाऊ गेले, भाचे मुंबईला, आता तिथे कुलूप आहे. वादळानंतर त्या वाडीत कोणी एक रोपही लावले नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण झोपाळा थांबला.

चहा झाला. असरची अजान झाली. पुढच्या बोटीची वेळ होत आली म्हणून आम्ही पिशवी उचलली. नात म्हणाली, "खाला, पाच मिनिटं थांबा, शेवटचं प्रकरण आहे, सांगूनच टाकते." दोघांचे लग्न झाले. जळालेल्या गोठ्याच्या जागी नवा गोठा उभा राहिला. बिथरलेल्या घोड्याने पाठीवर मूल बसू दिले.

"बरं झालं," दादी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने डोळे न उघडता त्यांनी विचारले, "लग्नानंतर ती निम्मी वाडी तिच्याच नावावर राहिली ना?"

नातीने बोटाने पाने वर सरकवली. खाली सरकवली. पुन्हा वर.

"दादी, ते लिहिलेलंच नाही गं."

"मग नीट वाच," दादी म्हणाल्या, आणि झोपाळ्याला पायाने हलकेच रेटा दिला.